नऊ दिवसांची ठासणी: कोलोराडोत एल्कसाठी रायफल निवडण्याचं एक प्रकरण

मार्चच्या अखेरीस एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "काका, रायफल ठरली. तुम्ही फक्त हो म्हणा, लगेच पैसे भरतो."

पाठोपाठ फोटो आला. ४५ कॅलिबरची, बोल्टची, लांब पल्ल्याची ठासणीची रायफल, वर हातभर दुर्बीण. (ठासणीची, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायची. इंग्रजीत मझललोडर.) दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, की ३०० यार्डांवर ही कुठल्याही काडतुसाच्या रायफलीच्या तोंडात मारेल. दुर्बिणीसकट हिशेब २,००० डॉलरच्या वर गेला होता.

"टॅग कशाचा भरणार?" टॅग म्हणजे एक जनावर मारायचा परवाना.

"एल्क. मझललोडर सीझन." एल्क म्हणजे इथलं सांबराच्या कुळातलं मोठं हरीण.

"कुठल्या राज्यात?"

"अहो काका, मी राहतो कुठे?"

तो राहत होता डेन्व्हरजवळ, म्हणजे कोलोराडोत. म्हणजे ती रायफल त्या हंगामात एल्कवर चालवणं बेकायदेशीर होतं, आणि तेही एका नव्हे, तीन कारणांनी. दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याला कोणी राज्य विचारलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नाही, इतकंच. पुढच्या सहा महिन्यांत ही निवड कशी फिरत गेली, ते इथे क्रमाने मांडतो आहे. नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेतले आहेत. ते दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा माझ्या शब्दावर बंदूक घेऊ नका.

माणूस

मूळचा कुडाळकडचा, वय ३६, कामाने सॉफ्टवेअरवाला, एच-वन-बी व्हिसावर. त्याच्या आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. कोकणात अशा बंदुका अजून आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. आजोबांची बंदूक शिकारीपेक्षा आवाजासाठी जास्त चाले. भातात डुकरं शिरली की रात्री एक बार काढायचा आणि घोंगडी ओढून पुन्हा झोपायचं. नातवाला त्यांनी बंदुकीच्या दारूला कधी हात लावू दिला नाही, पण बार ठासायचा गज धरायला द्यायचे. तो गज त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषयच संपला. इथे ऑफिसातल्या मित्रांबरोबर दोन वर्षं मांस वाहायला गेला आणि तिसऱ्या वर्षी स्वतःचा टॅग भरायचं ठरवलं.

मी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. ठासणीने चौदा हंगाम केलेत, त्यातले नऊ रिकाम्या हाताने. माझा अधिकार एवढाच.

ठासणीच का, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कोलोराडोत एल्कचा कळप जगात सर्वांत मोठा आहे, पावणेतीन-तीन लाखांच्या घरात. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा महिना. नर शीळ घातल्यासारखे ओरडतात, त्या आवाजाला उत्तर देऊन त्यांना जवळ बोलावता येतं. नेहमीच्या रायफलींचे हंगाम बहुतेक ऑक्टोबरपासून पुढे असतात, तोवर जंगल गप्प झालेलं असतं. सप्टेंबर तिरंदाजांचा, आणि त्याच्या मधोमध नऊ दिवस ठासणीवाल्यांचे. हे नऊ दिवस मिळतात ते हत्यार मागासलेलं आहे म्हणून. मागासलेपणाच्या सवलतीत मिळालेल्या हंगामासाठी सर्वांत पुढारलेलं हत्यार शोधायचं, अशी ही सगळी गंमत आहे. कंपन्या ती १९८५ पासून करत आहेत. त्या वर्षी टोनी नाइट या मिसूरीतल्या बंदूककाराने एमके-८५ आणली. तिच्यात ठिणगी नळीच्या बाजूने नव्हे, तर सरळ मागून येते. 'इनलाइन' म्हणतात ती हीच, आणि आज दुकानात दिसतात त्या बहुतेक तिच्या वंशातल्या.

आधी व्हिसा

रायफलीआधी बायकोचा प्रश्न सोडवायचा होता. ती म्हणाली, "एच-वन-बीवर बंदूक? परत पाठवतील." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अमेरिकी संघीय कायद्यात बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना जवळ असणं.

तो म्हणाला, "पण काका, ठासणीची बंदूक कायद्याने बंदूकच नाही ना?" हेही खरं. १९६८ च्या कायद्यानुसार काळ्या दारूवर चालणारी, तयार काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक 'पुरातन' या सदरात मोडते, दुकानात फॉर्म न भरता मिळते. पण इथे दोन खड्डे आहेत. एक, जिच्या सांगाड्यावर काडतुसाची नळीही बसते ती ठासणी या सवलतीत बसत नाही. थॉम्पसन सेंटर या कंपनीची एन्कोर हे त्याचं ठळक उदाहरण. ती पूर्ण बंदूक मानतात. दुसरा खड्डा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कायद्यातल्या 'दारूगोळा' या शब्दात प्रायमरही, म्हणजे बार पेटवणाऱ्या ठिणगीच्या टोप्याही, येतात. इनलाइन रायफलीत लागतो तो २०९ प्रायमर मुळात शॉटगनच्या काडतुसाचा. म्हणजे रायफल सुटते आणि प्रायमरची डबी अडकवते.

वकिलाने एका वाक्यात निकाल दिला: आधी शिकारीचा परवाना खिशात, मग दुकान. ते सोपं होतं, कारण कोलोराडोत मोठ्या प्राण्यांच्या टॅगच्या सोडतीत अर्ज करायलाच आधी एक पात्रता-परवाना घ्यावा लागतो. त्याने ससे-खारींचा वार्षिक परवाना घेतला. शिकारशिक्षणाचं प्रमाणपत्र आदल्या वर्षीच झालं होतं, १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतंच. अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला.

पुस्तिका

मग मी त्याला घरी बोलावलं आणि राज्याच्या वन्यजीव खात्याची पुस्तिका समोर ठेवली. "फोटो नंतर. आधी हे पान वाच."

त्या पानाने काय काय कापलं? एल्क आणि मूस (एल्कहूनही मोठं हरीण) यांच्यासाठी नळी किमान ५० कॅलिबरची, म्हणजे अर्ध्या इंचाची हवी. त्याची ४५ तिथेच गेली. (हरणाला ४० सुद्धा चालते, त्यामुळे दुकानात ४५ला वाईट म्हणणारं कोणी नसतं.) दुर्बीण नाही, लाल ठिपक्याची साईट नाही, रायफलीवर बॅटरीने चालणारं काहीही नाही. उघडी माशी (नेम धरायला नळीच्या टोकावर असतो तो मणी) किंवा पीप साईट (डोळ्याजवळच्या बारीक भोकातून माशी बघायची), फार तर चमकणारा फायबरचा मणी. सॅबट नाही. सॅबट म्हणजे बारीक गोळीला मोठ्या नळीत बसवणारी प्लॅस्टिकची झबली. तिच्यामुळे गोळी हलकी, टोकदार आणि वेगवान करता येते. गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे लांब पल्ल्याच्या सुईसारख्या गोळ्याही बाद. दारू सुटीच, तयार वड्या नाहीत. बिनधुराची, म्हणजे आजच्या काडतुसांतली, दारू नाही. आणि गोळी-दारू दोन्ही तोंडातूनच भरायची.

तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "मग हाय परफॉर्मन्स उरलं काय?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण प्रकरणाची गाठ तिथेच होती. जाहिरातीत रायफलीची ताकद म्हणून जे विकतात, ते बहुतेक सगळं या पानाने काढून घेतलं होतं: वेग, सपाट मार्ग, मोठा पल्ला, दुर्बीण. उरलं ते असं: पहिल्या पावसानंतरही बार पेटणं, चाप ओढल्यावर लगेच पेटणं, जड गोळी त्याच जागी पुन्हा पुन्हा बसणं, आणि माशी डोळ्याला स्पष्ट दिसणं. कोलोराडोत या चार गोष्टींनाच कामगिरी म्हणायचं.

टेबलावरच्या रायफली

बिनधुराच्या दारूच्या ठासणीचा विषय पाच मिनिटांत संपला. सॅव्हेजची १०एमएल-टू ही त्या जातीतली सर्वांत प्रसिद्ध, २०१० मध्ये बंद झाली. आता कारागीर तशा बनवून देतात. ताकद अफाट, पण या हंगामात बाद. एक गोष्ट मात्र त्याला तीनदा सांगितली: बिनधुराची दारू तिच्यासाठी न बनवलेल्या ठासणीत चिमूटभरही घालायची नाही. ठासणीवाल्यांच्या बोटांच्या बहुतेक दुःखद कथा तिथूनच सुरू होतात. मागून तयार दारूची नळकांडी घालायची फायरस्टिकची पद्धत २०२० मध्ये आली. कोरडी, सुटसुटीत, पण 'तोंडातून भरा' या अटीत बसत नाही.

दुसऱ्या टोकाला होती कडेला घोड्याची (घोडा म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी पाडायला आदळणारी हातोडी), अक्रोडाच्या दस्त्याची, जुन्या हॉकेन वळणाची रायफल. ती त्याने हातात घेतली आणि पाच मिनिटं खाली ठेवली नाही. "आजोबांची अशीच होती." अशी नव्हती, आजोबांची नळी आतून गुळगुळीत होती, हिच्यात आटे होते, गोळीला फिरकी देणारे. पण माणूस भावुक झाला की त्याला आटे मोजायला सांगू नये. मी फक्त एवढं म्हटलं की हिच्या नळीत ६० इंचांत एक फेरा आहे, तो गोल गोळीसाठी ठीक आहे. जड लांबट गोळीला जलद फेरा लागतो, २८ इंचांत एक. गोल गोळी ५० कॅलिबरची सुमारे १७५-१८० ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. साडेतीनशे किलोच्या जनावराच्या खांद्यावर ती कमी पडू शकते. पन्नास-साठ यार्डांच्या आत, बरगड्यांच्या मागे, ती पुरते. पहिल्याच वर्षी स्वतःला इतकं बांधून घ्यायचं का, ते त्याचं त्याने ठरवायचं होतं. शिवाय अशा रायफलीत खरी काळी दारू सर्वांत छान पेटते, आणि त्या काळात ती मिळवणं हा वेगळाच उद्योग होता. गोएक्स या काळ्या दारूचा लुईझियानातला कारखाना २०२१ मध्ये बंद पडला. पुढच्या वर्षी तो एस्टीस या कोलोराडोतल्याच, हौशी रॉकेटांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने घेतला.

वापरलेली एन्कोर एका ओळखीच्याकडे होती, दाम चांगला होता. ती गेली व्हिसाच्या फॉर्मपायी, आणि थोडी सुट्या भागांपायी. स्मिथ अँड वेसनने थॉम्पसन सेंटर २०२१ मध्ये विकायला काढल्यावर भाग शोधत फिरावं लागायचं.

शेवटी दोनच उरल्या आणि दोन्ही सीव्हीए या कंपनीच्या. एक, त्याने फोटो पाठवलेल्या त्याच लांब पल्ल्याच्या पॅरामाउंटची ५० कॅलिबरची, पीप साईटची आवृत्ती. नावातच 'कोलोराडो' आहे. (कंपन्या राज्यांच्या नियमांवर रायफली बेततात. याच कंपनीच्या ऑप्टिमा या रायफलीची एक 'नॉर्थवेस्ट' आवृत्तीही आहे, ठिणगी उघड्यावर हवी म्हणणाऱ्या राज्यांसाठी.) दुसरी साधी ऑप्टिमा: मधोमध मोडणारी, २६ इंची नळी, २८ इंचांत एक फेरा, नळीचं बूड बंद करणारा ब्रीच प्लग हाताने फिरवून निघतो. तिच्यावर वेगळी विल्यम्स कंपनीची पीप साईट बसवायची. पहिली दुसरीच्या जवळजवळ तिप्पट किमतीची.

मोठी रायफल जास्त दारू पचवते. तिचा चाप चांगला. तिची नळी तरंगती, म्हणजे दस्त्याला न टेकलेली, त्यामुळे गरम-थंड झाल्याने नेम हलत नाही. हे सगळं खरं आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण मी त्याला एक हिशेब मांडून दाखवला. माशीचा मणी दीड मिलिमीटरचा. डोळ्यापासून तो सुमारे ९० सेंटिमीटरवर. १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, तो मणी १५ सेंटिमीटर जागा झाकतो. १५० यार्डांवर २३ सेंटिमीटर. एल्कच्या फुफ्फुस-हृदयाचा भाग जेमतेम ३५-४० सेंटिमीटरचा. माणूस दमलेला, उंची दहा हजार फूट, छाती धपापतेय. रायफल कितीही काटेकोर असो, मण्याच्या आड जे दिसत नाही त्यावर नेम कसा धरणार? ज्या अंतरावर मोठ्या रायफलीचा फायदा सुरू होतो, तिथवर त्याचा डोळा पोचतच नव्हता.

"म्हणजे मी कमी पडतो, रायफल नाही."

"आपण सगळेच. म्हणून तर नऊ दिवस देतात."

त्याने ऑप्टिमा घेतली. उरलेले पैसे दारू, गोळ्या आणि बुटांवर गेले. बुटांबद्दल लिहीत नाही, पण त्या यादीत तेच सर्वांत उपयोगी ठरले.

फुसका बार

आता दारू. काळी दारू म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. हे प्रमाण शतकानुशतकं फारसं हललेलं नाही. ती जळली की निम्म्याहून जास्त राख मागे राहते, नळी चिकट होते, ओल धरते आणि लोखंड खाते. म्हणून बदली दारू आल्या: पायरोडेक्स, मग गंधकाशिवायची ट्रिपल सेव्हन, आणि २००८ पासून ब्लॅकहॉर्न २०९. शेवटची राख जवळजवळ ठेवत नाही आणि हवेतली ओल ओढत नाही. कोलोराडोत सुटी दारूच सक्तीची असल्याने मी तिलाच मत दिलं. महाग आहे आणि मध्यंतरी तर मिळतच नव्हती.

मोजताना एक घोळ हमखास होतो. ठासणीत '१०० ग्रेन' म्हणजे मापट्याचे, वजनाचे नव्हेत. मापट्यावरच्या खुणा काळ्या दारूच्या आहेत. ब्लॅकहॉर्नचे मापाचे १०० ग्रेन तराजूत सुमारे ७० भरतात. कोणी तराजूवर १०० तोलून भरले तर तो मर्यादेबाहेरचा बार होतो. ग्रेन म्हणजे केवढा, तर साधारण अर्धी गुंज. सोनाराच्या दुकानात वाढलेल्या माणसाला हा खेळ लगेच कळतो.

जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही मैदानावर गेलो. ८० ग्रेन दारू, जड गोळी, प्रायमर. त्याने नेम धरला, चाप ओढला. टिक. आणि मग, आपण 'फुसका' म्हणेपर्यंत, धडाम. अर्धा सेकंदही नसेल, पण तेवढ्यात त्याने डोकं वर केलं होतं. दुसरा बार बरा गेला. तिसरा गेलाच नाही. नळी समोर ठेवून आम्ही घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजलं. हे मिनिट मोजायचंच असतं, कारण आत धुमसत असेल तर ते कळायला दुसरा मार्ग नाही. दुसरा प्रायमर लावला, मग उडाला.

चूक रायफलीत नव्हती. त्याने प्रायमर आणले होते ते डबीवर ठळक 'मझललोडरसाठी' लिहिलेले. असे काही प्रायमर मुद्दाम सौम्य बनवतात, कारण ट्रिपल सेव्हनसारख्या दारूत जोरदार प्रायमरमुळे नळीत कडक राखेचं कडं जमतं. ब्लॅकहॉर्नला मात्र नेमका उलटा, जोरकस प्रायमर लागतो. पुढच्या वेळी साधे शॉटगनचे २०९ नेले, डबीवर ठासणीचं नावही नसलेले, आणि तो प्रश्न पुन्हा आला नाही. त्याला या गोष्टीचा खूप राग आला. मला हसू आलं, कारण माझं पहिलं वर्ष याच डबीत गेलं होतं. सोबत आणखी एक सवय लावली: दर दहा-बारा बारांनंतर ब्रीच प्लगच्या भोकात साचलेला कोळसा बारीक ड्रिलच्या पात्याने, हाताने फिरवून काढायचा. मशीन लावायचं नाही.

गोळीने आणखी सतावलं. सॅबट नसल्याने गोळी नळीच्या पूर्ण मापाची शिशाची लागते. '५० कॅलिबर' लिहिलेल्या नळ्या आतून हजारांश इंचाने कमी-जास्त निघतात, गोळ्याही तशाच. त्याने आणलेली पहिली गोळी नळीत अशी सरकली, की मी रायफल उलटी धरून हलकेच आपटली तेव्हा ती दारूपासून बोटभर पुढे आली. हे नुसतं वाईट नव्हे, घातक आहे. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली की ती गोळी नळीतला अडथळा होते. डोंगरात रायफल खांद्यावर उलटी-सुलटी होत चालणाऱ्याला हे कधी झालं ते कळतही नाही.

इथे मला १८५७ आठवलं आणि त्यालाही. एनफिल्डची चरबी लावलेली काडतुसं आपण शाळेत धर्माच्या बाजूने वाचतो. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर चरबीचं कारण हेच: आटे असलेल्या नळीत गोळी उतरायला सोपी हवी आणि उडताना नळीला गच्च बसायला हवी. ती एनफिल्डही ठासणीचीच रायफल होती. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या इतिहासात मी आत्ता गज ठोकतोय." आम्ही लावलं ते मधमाशीचं मेण असलेलं वंगण, कोणाची हरकत नव्हती.

तीन मापांच्या गोळ्या मागवल्या. मधली बोटाच्या दाबाने तोंडात बसली आणि गजाच्या एकसारख्या जोराने खाली गेली. वजन ४०० ग्रेनच्या आसपास, लांबी एक इंचाच्या आत. दारू ८०, ९०, १०० अशी वाढवत नेली. १०० वर १०० यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांत बसल्या आणि आम्ही तिथेच थांबलो. ११० वर वेग वाढला असता, गोळ्या मात्र फाकायला लागल्या असत्या आणि त्याचा खांदाही. गोळी दारूवर पूर्ण बसली की गज तोंडाशी जिथे येतो तिथे त्यावर खूण केली. खूण वर दिसली तर एकावर एक दोन बार भरले गेलेत किंवा गोळी अडकली आहे, आत दिसली तर दारूच नाही. दमलेल्या माणसाला ती खूण स्मरणशक्तीपेक्षा उपयोगी पडते.

मग १५० यार्डांवर मारून पाहिलं. १०० वर जुळवलेली गोळी तिथे नऊ-दहा इंच खाली गेली. हलक्या सॅबटच्या गोळीत हा फरक निम्माही राहिला नसता. त्याने स्वतःच वहीत लिहिलं: '११० यार्ड. पुढे नाही.' मी सांगितलं असतं तर १२५ म्हटलं असतं.

नऊ दिवस

मादीचा टॅग लागला. सप्टेंबरमध्ये आम्ही फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागाच्या बाजूला तळ टाकला. अंगावर नियमाप्रमाणे ५०० चौरस इंच भगवा. हा रंग अमेरिकेत सुरक्षेसाठी घालतात हे त्याने कुडाळला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ हशा चालला होता.

पहिले तीन दिवस फक्त आवाज. तिसऱ्या संध्याकाळी पाऊस लागला, गारठा पडला. नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावली होती. ती लावून बार केला तरी नेमावर परिणाम होत नाही, गोळीच्या पुढची हवाच ती उडवते. गाडीत बसताना प्रायमर काढून ठेवायचा, तो काढला की कायद्याने रायफल रिकामी धरतात. रात्री रायफल तंबूत आणली नाही. उबेत आणली की लोखंडाला दव सुटतं, ती ओल नळीत जाते. बाहेर गाडीत, थंडच ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी माळावर सात माद्या. अंतरमापकावर १५८ यार्ड. वारा आमच्याकडे, झाडाला टेकायला जागा, जनावर आडवं उभं. मी काही बोललो नाही. त्याने नेम धरला, बराच वेळ धरून ठेवला, मग रायफल खाली केली. "मण्याच्या मागे सगळी म्हैस गायब झाली, काका." त्या सात जणी जंगलात गेल्या त्या गेल्याच.

खरं सांगतो, मला त्या क्षणी दुर्बिणीची आठवण झाली. जवळच्या दुसऱ्या एखाद्या राज्यात, दुसऱ्या नियमांखाली, त्याच्या पहिल्या फोटोतल्या रायफलीने ते काम कदाचित झालं असतं. हे कबूल न करता हे प्रकरण लिहिणं लबाडी होईल.

सहाव्या दिवशी संध्याकाळी पाणवठ्याच्या वर, काळोख पडायला अर्धा तास असताना, एकटी मादी ॲस्पेनच्या झाडांतून बाहेर आली. ८४ यार्ड. आदल्या सायंकाळपासून भरलेला बार, रात्रभर थंडीत, दिवसभर भुरभुर पावसात. चाप ओढला आणि मध्ये काही अंतर न पडता बार झाला. धूर पसरला, काहीच दिसेना. त्याने न सांगता गज काढला, पुन्हा भरायला घेतलं. मैदानावर तो ४० सेकंदांत भरायचा. तिथे मिनिटाच्या वर लागलं, दारूची एक कुपी गवतात पडली. धूर विरला तेव्हा ती उभी होती, डोकं खाली. दुसऱ्या बाराची गरज पडायच्या आत ती बसली आणि कलंडली. गोळी दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेली होती.

पुढचे चौदा तास पाठीवर मांस वाहण्यात गेले. त्यात निवडीचा काही प्रश्न नव्हता. डोकं क्रॉनिक वेस्टिंग या हरणांच्या रोगाच्या तपासणीला दिलं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये. अहवाल स्वच्छ आला. त्याच्या बायकोने पहिला रस्सा मालवणी मसाल्यात केला. चव सांबरासारखी असेल असं तो सांगत फिरला, पण त्याने सांबर कधी खाल्लेलं नव्हतं.

नंतर

गेल्या वर्षी नोकरी बदलून तो पिट्सबर्गला गेला. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये मादी हरणांचा एक ठासणी-हंगाम आहे, त्यात त्याची ऑप्टिमा चालते, आणि तिथे दुर्बीणही चालते. पण त्याच्या नव्या ऑफिसातले लोक जातात नाताळानंतरच्या हंगामाला. तो हंगाम १९७४ पासून चालू आहे आणि त्यात फक्त चकमकीची बंदूक लागते. २०९ प्रायमर नाही, ठिणगीची केपही नाही. बाजूच्या वाटीत चिमूटभर दारू, घोड्याच्या जबड्यात दगड, आणि डिसेंबरचा बर्फ.

नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला. यावेळी फोटो नव्हता.

"काका, पुस्तिका वाचली. आता मला सांगा, चकमक म्हणजे आपली गारगोटीच ना?"